रुळांवरील निवडणूक

इतिहास म्हटला की दिवाळी अंकाच्या वाचकापुढे प्रथम किल्ले उभे राहतात. आमच्या घोटीच्या माणसाला तर त्यासाठी मान वर करण्याचेच कष्ट. दक्षिणेकडे कळसूबाईची रांग, तिच्या शेजारी अलंग, मदन आणि कुलंग. उत्तरेला कावनई, इगतपुरीच्या बाजूला त्रिंगलवाडी. या गडांवर कोण चढले, कोण उतरले, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. परंतु भाताच्या गिरण्यांच्या मागून, स्टेशनाच्या फलाटाला घासून जे रूळ जातात, त्यांच्यावर काम करणाऱ्यांनी आपला पुढारी कसा निवडला आणि त्या निवडीची किंमत कोणी मोजली, याची बखर फारशी कोणी लिहीत नाही. यंदा फराळाच्या ताटाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी, असे माझ्या मनात आले. विषय संघटनेचा आणि निवडणुकीचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. यात नाट्य भरपूर आहे, आणि त्याचा एक धागा थेट दिवाळीच्या बाजारापर्यंत येऊन पोचतो.

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला पोचली की थळघाट लागतो. १ जानेवारी १८६५ रोजी हा घाटरस्ता खुला झाला. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा त्याचा चढ. मागून जादा इंजिने लावल्याशिवाय बहुतेक गाड्यांना तो आजही चढता येत नाही. घाट संपला की इगतपुरी आणि इगतपुरीनंतरचे पहिले स्टेशन म्हणजे आमचे घोटी. इगतपुरीला इंजिनांची शेड, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोल्या, रेल्वेच्या चाळी. त्यामुळे तेथे नांदतो तो सारा रेल्वेचा संसार. घोटीला त्यातला थोडाच वाटा आला : स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, फाटकवाला आणि गँग.

गँग म्हणजे काय, हे गाडीत बसून प्रवास करणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. काही मैलांचा रूळ एका टोळीच्या हवाली केलेला असतो. टोळीवर मुकादम. खडी सारखी करणे, स्लीपराखाली बीटरने ती ठोकून घट्ट बसवणे, वाकलेला रूळ पहारींनी जागेवर आणणे, हे टोळीचे काम. त्यांच्यातला एक चावीवाला. तो रोज आपल्या हद्दीतला सारा रूळ पायी चालतो, एकेक चावी पाहतो, सैल असेल तेथे हातोडा घालतो. इगतपुरी-घोटीचा पाऊस ज्याने पाहिला असेल, त्याला रात्रीच्या गस्तवाल्याविषयी अधिक सांगायला नको. एका हातात कंदील, खांद्याला झोळी आणि झोळीत फटाके. हे फटाके मुलांच्या कामाचे नव्हेत. रूळ खचला, दरड आली, तर गस्तवाल्याने गाडीच्या दिशेने धावत सुटायचे. सहाशे मीटरांवर एक आणि बाराशे मीटरांवर तीन फटाके रुळाला बांधायचे. इंजिनाच्या चाकाखाली ते वाजले की ड्रायव्हर समजतो, पुढे मृत्यू आहे. ज्या माणसाच्या फटाक्याने शेकडो प्रवाशांचे प्राण वाचतात, त्याच्या स्वतःच्या संसाराचा फटाका मात्र कोणाच्या कानावर जात नसे. तो आवाज साहेबापर्यंत पोचावा म्हणून संघटना जन्माला आली.

आणि ती काही कालपरवा जन्मली नाही. १८६२ साली हावड्याला रेल्वेच्या बाराशे मजुरांनी आठ तासांच्या कामासाठी हत्यारे खाली ठेवली. तेव्हा आमचा थळघाट अजून फोडला जात होता. १८९७ साली रेल्वे नोकरांची एक रीतसर संस्था निघाली, पण ती होती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांची. काळ्या माणसाला तेथे जागा नव्हती. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, जी. आय. पी. रेल्वेच्या तारवाल्यांनी म्हणजे सिग्नलरांनी संप केला. टिळकांच्या 'केसरी'ने आणि 'मराठा'ने त्यांची बाजू उचलून धरली. पुण्यातला संपादक रेल्वेतल्या तारवाल्यासाठी लेखणी झिजवतो, ही गोष्ट त्या काळी नवी होती. पुढे पाऊणशे वर्षे रेल्वे कामगारांच्या चळवळीत जो एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढणार होता, त्याचे बीज येथेच पडलेले मला दिसते. पुढारी आतला असावा की बाहेरचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आतला माणूस, म्हणजे प्रत्यक्ष नोकरीत असलेला, त्याला खडीचे वजन ठाऊक असते, मुकादमाचा स्वभाव ठाऊक असतो, कोणाची रजा कोणी दाबून ठेवली ते ठाऊक असते. परंतु तो साहेबासमोर उभा राहतो तो साहेबाचाच नोकर म्हणून. आज त्याने टेबलावर मूठ आपटली तर उद्या त्याची बदली होते आणि परवा त्याच्या नावाचे आरोपपत्र निघते. बाहेरच्या माणसाला ही भीती नाही. त्याचा पगार कोणी बंद करू शकत नाही. शिवाय त्याला कायदा येतो, इंग्रजी येते, मंत्र्याच्या दारात त्याला कोणी अडवत नाही. पण संप फसला तर तो तुरुंगात जाऊन पुन्हा सभेच्या व्यासपीठावर येतो, आणि गँगमन मात्र चाळीतली खोली रिकामी करून गावी जातो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने यावर तोड काढली ती निमपटीची : नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांत निदान निम्मे तरी त्याच धंद्यात काम करणारे असले पाहिजेत. म्हणजे निम्म्यापर्यंत जागा बाहेरच्यांना मोकळ्या राहिल्या, आणि अध्यक्षाची खुर्ची बहुधा त्या बाजूला गेली.

याची पहिली मोठी कसोटी आमच्या लाईनीवर लागली ती १९३० साली. ४ फेब्रुवारीला जी. आय. पी. रेल्वेचा संप सुरू झाला. त्याच्या पुढाऱ्यांत नागपूरचे रामभाऊ रुईकर होते. वकिली शिकलेला, मध्यमवर्गातला हा माणूस मजुरांत मिसळला आणि त्यांच्यासाठी तुरुंगात गेला. ते दिवसच विलक्षण होते. २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून मिठासाठी निघाले, आणि या दोहोंच्या मध्ये रुळांवर संप चालू होता. एकाच नाशिक जिल्ह्यात एकाच महिन्यात एक माणूस देवळाच्या दारात हक्क मागत होता आणि दुसरा शेडच्या दारात. संप फसला. जागतिक मंदीचे सावट येत होते, बाहेर कामासाठी माणसे रांगेत उभी होती. किती तरी संपवाल्यांना परत घेतले गेले नाही.

देवळाच्या दारातल्या आणि शेडच्या दारातल्या माणसांची गाठ आठ वर्षांनी मनमाडला पडली. १९३८ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखेला तेथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे सांगितले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या भाषणात रेल्वेच्या नोकरीचे जे बारीक निरीक्षण होते, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालाची, पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरने स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे अशी पद्धत आणि त्याच्या हातचे पाणी घरात चालत नाही, असा त्या मांडणीचा आशय होता. मजूर सारे एक, असे म्हणणाऱ्या संघटनांना विचारलेला तो रोखठोक सवाल होता. रुळावर खडी ठोकताना जो चालतो, तो पोर्टर म्हणून चालत नाही. मग तो संघटनेचा चिटणीस म्हणून कसा चालेल? आतला की बाहेरचा, या वादात आतल्या आतही एक बाहेर आहे, हे मनमाडला उघड झाले. घोटीहून मनमाड काही लांब नाही. त्या दिवसांत या लाईनीवरच्या कित्येक टोळ्यांत ही चर्चा झाली असेल यात मला शंका वाटत नाही.

आता निवडणूक होत असे कशी, ते थोडक्यात सांगतो; त्यावाचून पुढचे नाट्य उलगडणार नाही. गँगमन महिन्याची वर्गणी देई आणि पावती घेई. ती पावती हेच त्याचे सभासदत्व. सभासदांची शाखा, शाखेचा अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. शाखांवर विभागाची समिती. इगतपुरी ओलांडली की भुसावळ विभागाची हद्द, म्हणून घोटीच्या माणसाचे कागद भुसावळला जात. विभागांवर साऱ्या रेल्वेची युनियन, आणि युनियनांच्या डोक्यावर अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशन. हे फेडरेशन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभे राहिले, आणि त्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेली माणसे पाहिली तर छाती दडपते. व्ही. व्ही. गिरी त्या खुर्चीवर होते, ते पुढे राष्ट्रपती झाले. जयप्रकाश नारायण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तेथे होते. १९४६ मध्ये फेडरेशनने देशव्यापी संपाची हाक दिली तेव्हा वाद लवादाकडे गेला, आणि मुंबईचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी दिलेल्या निवाड्यातून रेल्वेच्या सर्वसाधारण नोकराचे काम आठवड्याला ५४ तासांवर आले. एका मराठी न्यायाधीशाच्या लेखणीने लक्षावधी घरांत बाप थोडा लवकर घरी येऊ लागला, हे आपण विसरून गेलो आहोत.

परंतु या सगळ्या उतरंडीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. फेडरेशनचा अध्यक्ष निवडत ते प्रतिनिधी. घोटीच्या गँगमनने शाखेत हात वर करायचा; त्याच्या हाताचा हात, आणि त्या हाताचाही हात, हैदराबादला किंवा दिल्लीला वर होणार.

१९६० साली या उतरंडीने आपले बळ अजमावून पाहिले. दुसऱ्या वेतन आयोगाने निराशा केली होती. महागाईभत्ता निर्देशांकाशी जोडावा आणि किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे, ही मागणी होती. रेल्वे, टपाल, संरक्षण या साऱ्या खात्यांच्या संघटना एकत्र आल्या. संरक्षण कामगारांच्या फेडरेशनचे नेते आपले एस. एम. जोशी, रेल्वेच्या बाजूने पुढे होते पीटर अल्वारिस. ११ जुलैच्या मध्यरात्री संप सुरू झाला आणि पाचच दिवसांत मागे घ्यावा लागला. अटका, निलंबने, मान्यता रद्द, हे सारे ओघानेच आले. त्या अनुभवातून सरकारनेही एक धडा घेतला आणि १९६६ मध्ये वाटाघाटींसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. टेबल मिळाले, खुर्च्या मिळाल्या, चहाही मिळू लागला. पण टेबलाशी बसणारा आणि खडी ठोकणारा यांच्यातले अंतर त्याबरोबर वाढत गेले. ज्याची दाद लागेना तो आपापल्या धंद्याची वेगळी चूल मांडू लागला. इंजिन ड्रायव्हर आणि फायरमन यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये काम बंद ठेवून रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्याकडून दहा तासांच्या पाळीचे आश्वासन मिळवले. मान्यताप्राप्त फेडरेशनला जे वर्षानुवर्षे मिळाले नव्हते, ते मान्यता नसलेल्यांनी काही दिवसांत मिळवले! त्याच वर्षी तिसऱ्या वेतन आयोगाने किमान पगार १८५ रुपये सुचवला आणि सरकारने तो १९६ केला. बाजारात धान्याचे आणि तेलाचे भाव चढत असताना हे अकरा रुपये गँगमनच्या जखमेवर फुंकर घालण्यापुरतेही नव्हते.

अशा वेळी, १९७३ च्या अखेरीस, सिकंदराबादला फेडरेशनचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदाची निवडणूक लागली. एका बाजूला पीटर अल्वारिस, दुसऱ्या बाजूला जॉर्ज फर्नांडिस. नियतीने हे दोन उमेदवार मोठ्या गमतीने निवडले होते. दोघेही कोकणी बोलणाऱ्या किनाऱ्यावरचे. एक गोव्याचा, दुसरा मंगळूरचा. दोघेही ख्रिस्ती घरातले, दोघेही समाजवादी, दोघांचीही कर्मभूमी मुंबई. आणि दोघांपैकी कोणीही रुळावर पहार धरलेली नव्हती! अल्वारिस गोव्याच्या मुक्तिलढ्यात अग्रभागी होते, लोकसभेत गोव्याचे प्रतिनिधी होते. फर्नांडिस पंचविशीच्या आत मुंबईत आले, गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांच्या तालमीत तयार झाले, टॅक्सीवाल्यांची आणि महापालिकेच्या कामगारांची संघटना त्यांनी बांधली. १९६७ च्या निवडणुकीत त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडले. पाटील तेव्हा कोण होते? देशाचे रेल्वेमंत्री.

म्हणून सिकंदराबादच्या मतपेटीत जी मते पडली, ती अल्वारिस वाईट आणि फर्नांडिस चांगले म्हणून पडली असे मी मानत नाही. अल्वारिस यांनी १९६० चा संप पाहिला होता. हरलेल्या संपानंतर चाळीत काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. असा माणूस पुढच्या संपाला सहजासहजी होकार देत नाही, आणि त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु तेरा वर्षे टेबलाशी बसून काय मिळाले, हा प्रतिनिधींचा प्रश्नही तितकाच खरा होता. त्यांना माणूस बदलायचा नव्हता, मार्ग बदलायचा होता. आणि संघटनेत मार्ग बदलण्याचे मत शेवटी माणसाच्या नावावरच टाकावे लागते. फर्नांडिस निवडून आले. त्या क्षणी संप जवळजवळ ठरल्यासारखाच झाला.

पुढचे प्रसंग भराभर घडले. २७ फेब्रुवारी १९७४ रोजी लहानमोठ्या संघटनांची एक समन्वय समिती झाली आणि फर्नांडिस तिचे निमंत्रक झाले. मागण्या होत्या आठ तासांचा दिवस, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतके वेतन, हंगामी मजुरांना कायम करणे, स्वस्त धान्याची दुकाने, आणि बोनस. बोनसचा मुद्दा जरा समजून घ्यावा. १९६५ च्या कायद्याने कारखान्यांतील कामगाराला किमान बोनसचा हक्क मिळाला होता. रेल्वे हे सरकारचे खाते, म्हणून रेल्वेच्या कामगाराला तो नव्हता. शेजारच्या गिरणीतल्या कामगाराच्या घरी दिवाळीला बोनस यावा आणि गँगमनच्या घरी नुसता पगार यावा, हे त्याच्या बायकोला कोणत्या कायद्याने पटवून देणार?

८ मेला संप सुरू व्हायचा होता. वाटाघाटी चालू असतानाच २ मेच्या पहाटे फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली. तरीही संप झाला. कायम आणि हंगामी मिळून सुमारे सतरा लाखांची ही फौज. जगातल्या मोठ्या संपांत त्याची गणना होते. हजारो लोक तुरुंगात गेले. चौकशीविना बडतर्फ करण्याचा नियम १४ (२) सर्रास वापरला गेला. कित्येक ठिकाणी चाळींतून कुटुंबे बाहेर काढली गेली. संप चालू असतानाच १८ मेला पोखरणला अणुस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांचे पहिले पान तिकडे वळले. २७ मेला, विसाव्या दिवशी, संप बिनशर्त मागे घेण्यात आला. योगायोग असा की तेव्हा राष्ट्रपतिभवनात बसले होते व्ही. व्ही. गिरी, म्हणजे ज्या खुर्चीवरून संपाची हाक आली तिच्यावर एके काळी बसलेला माणूस.

मी तेव्हा घोटीला शाळकरी पोर होतो. मला आठवते ती गाड्यांची विरळता. एरवी आमच्या घरात घड्याळाचे काम गाड्या करीत. अमकी गाडी गेली की आई भाकरी टाकी, तमकी आली की वडील दुकानातून परत येत. त्या दिवसांत घराचे वेळापत्रकच कोलमडले. आमच्या आळीत एक चावीवाले राहत, सारी पोरे त्यांना मामा म्हणत. ते ओसरीवर बसून असत आणि दिवसातून दोनतीनदा उठून रुळाच्या दिशेला बघून येत. चालण्याची सवय झालेल्या पायांना बसणे सोसत नव्हते. आईने एकदा त्यांना विचारले, "मामा, एवढा मोठा पुढारी तुम्ही निवडलात, त्याला मत कुठं जाऊन दिलंत हो?" मामा हसले आणि म्हणाले, "वहिनी, आमचं मत वर्गणीच्या पावतीतच गेलं. आता उपास करतोय तेच खरं मत."

मामांचे हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवले आहे. लोकसभेच्या निवडणुकीत मत देऊन माणूस घरी येतो आणि हातपाय धुऊन जेवायला बसतो. संघटनेच्या निवडणुकीत मत दिल्यावर हिशेब सुरू होतो. तेथे उमेदवाराला निवडणे म्हणजे त्याच्या शब्दावर आपली नोकरी, चाळीतली खोली आणि निवृत्तिवेतन पणाला लावणे. संपाचे दिवस सेवेतला खंड धरला की वीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब मोडतो. ही जोखीम बाहेरच्या पुढाऱ्याला नसते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा निवडून येण्याच्या दिवशी होत नाही, हरल्यानंतरच्या दिवशी होते.

मग १९७३ चे ते मत वाया गेले काय? १९७४ च्या जूनमध्ये कोणीही तसेच म्हणाला असता. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. फर्नांडिस भूमिगत झाले, पकडले गेले, आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुजफ्फरपूरहून लोकसभेवर निवडून आले. जनता राजवट आली आणि रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंचांची गादी बसवली म्हणून प्रवासी त्यांचे नाव काढतात. रेल्वेच्या चाळींत ते काढले जाते ते वेगळ्या कारणाने. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी कामावर परत घेतले. आणि १९७९-८० पासून रेल्वे कामगाराला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळू लागला. संप हरला होता, मागणी हरली नव्हती. पुढे १९८९ च्या अखेरीस फर्नांडिस स्वतःच रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९९० मध्ये, कोकण रेल्वेचे महामंडळ उभे राहिले. टेबलाच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. एवढे भाग्य कोणा गँगमनच्या वाट्याला आल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्याच्या वाट्याला काय आले, तेही सांगितले पाहिजे. २००७ साली रेल्वेवर प्रथमच गुप्त मतदानाने ठरवले गेले की कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची. त्यानंतर २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात तशीच मतदाने झाली. मध्य रेल्वेवर मजदूर संघ आणि मजदूर युनियन या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे झेंडे तेव्हा स्टेशनास्टेशनांवर लागले. हाताच्या हाताने दिलेले मत संपले; ज्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात त्या गँगमनच्या हातात स्वतःची मतपत्रिका आली. मत संघटनेला आहे, व्यक्तीला नाही; पण पेटीत चिठ्ठी टाकताना मुकादम पाहत नाही आणि साहेबही पाहत नाही. १९३८ साली मनमाडला जो प्रश्न निघाला, त्याचे हे पूर्ण उत्तर नव्हे. शाखेच्या चिटणीसपदासाठी टोळीतला माणूस किती वेळा उभा राहतो आणि ऑफिसातला किती वेळा, हे ज्याने त्याने आपल्या शाखेत मोजून पाहावे. तरीही पारड्यात काही पडले आहे, हे मान्य केले पाहिजे.

आणि म्हणून, या क्षेत्रात जो कोणी उभा राहू पाहतो त्याला, जुन्या माणसाच्या अधिकाराने, मी एवढेच सांगेन. बाबा रे, भाषण येते की नाही, इंग्रजी येते की नाही, मंत्री ओळखतो की नाही, या गोष्टी दुय्यम आहेत. तू हरल्यानंतर ज्याची खोली रिकामी केली जाईल, त्याच्या दाराशी दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहशील काय? आतला असशील तर शिक्षा भोगायला तयार आहेस काय, आणि बाहेरचा असशील तर शिक्षा भोगणाऱ्याला विसरणार नाहीस ना? या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर खुशाल अर्ज भर. रुईकर तुरुंगात गेले, अल्वारिस यांनी पराभव पचवला, फर्नांडिस यांनी हातात बेड्या घालून घेतल्या, दंडवत्यांनी अधिकार हाती येताच जुनी देणी फेडली. यश थोड्यांनाच आले, पण हिशेबाला ते सारे हजर राहिले.

वाचकहो, दसरा-दिवाळीच्या आधी रेल्वे कामगारांचा बोनस जाहीर झाल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचता. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये तो ७८ दिवसांचा होता, प्रत्येकी जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. त्या पैशाने इगतपुरीच्या चाळींतली माणसे घोटीच्या बाजारात येतात. लुगडी, साड्या, पोरांचे कपडे, तांदूळ, डाळ, गूळ घेतात. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश. त्या गर्दीत १९७३ च्या मताची आठवण कोणी काढत नाही, आणि काढावी असा माझा आग्रहही नाही. सणाचा दिवस सणासारखा जावा. मात्र या दिवाळीत रात्री गाडीने कोठे निघालात आणि थळघाटाच्या वर, घोटीच्या आसपास, काळोखात रुळाच्या कडेला कंदिलाचा किंवा विजेरीचा एक ठिपका दिसला, तर तो कोणाचा आहे, हे आपल्याला आता ठाऊक आहे.